टाइम लॅग काढताना या चुका टाळा

व्याजदर बदलल्यावर गुंतवणूक हलायला किती तिमाह्या लागतात हे काढायला गेलात आणि उत्तर विचित्र आलं, तर मॉडेलला दोष देण्याआधी लॅगचा, म्हणजे मागच्या काळातल्या मूल्यांचा, कॉलम उघडून बघा. आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमधलं मूळ लॅग फंक्शन टाइम सिरीजला १ दिल्यावर मागचं नाही, पुढचं मूल्य आणतं. मागचं हवं तर उणे १ द्यावं लागतं. वर ती सिरीज थेट एलएममध्ये (आरचं रेषीय रिग्रेशनचं फंक्शन) घातली, तर तारखा विचारातच घेतल्या जात नाहीत आणि लॅग न लावल्यासारखेच आकडे येतात. पॅनेल डेटात (अनेक कंपन्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी) गट न पाडता कॉलम सरकवला, की एका कंपनीचं शेवटचं वर्ष पुढच्या कंपनीच्या पहिल्या वर्षाला चिकटतं. एरर मात्र येत नाही.

एआयसीने (मॉडेल्सची तुलना करायचा निकष) लॅगची संख्या ठरवताना सगळी मॉडेल्स एकाच सॅम्पलवर चालवा. १०० तिमाह्यांत १ लॅगला ९९ निरीक्षणं उरतात, ८ लॅगना ९२. मग तुलना ९२ वरच व्हायला हवी.

टी-व्हॅल्यू (सहगुणक शून्यापासून किती ठळक वेगळा आहे याचं माप) कमी दिसली म्हणून एकेक लॅग उडवत सुटू नका. शेजारचे लॅग एकमेकांशी इतके जुळलेले असतात, की सुटे सहगुणक डळमळतात. त्यांची बेरीज बहुधा बरीच स्थिर असते. एफ-टेस्ट सगळ्यांवर एकत्र लावा.

सर्वांत महागात पडते ती चूक वेगळीच. समीकरणाच्या उजव्या बाजूला आश्रित चलाचाच (ज्याचं स्पष्टीकरण शोधतोय त्याचाच) लॅग आहे आणि एररमध्ये ऑटोकोरिलेशन (मागच्या एररशी संबंध) उरलंय, तर ओएलएस, म्हणजे साधी किमान वर्ग पद्धत, सुसंगत राहत नाही: डेटा कितीही वाढवला तरी उत्तर खऱ्या मूल्याकडे जात नाही. ते धन असेल तर त्या लॅगचा सहगुणक सहसा फुगतो. डर्बिन-वॉटसन हा ऑटोकोरिलेशन तपासायचा आकडा इथे २ कडे, म्हणजे ‘ऑटोकोरिलेशन नाही’ या खुणेकडे झुकतो आणि खोटा दिलासा देतो. त्याऐवजी ब्रॉइश-गॉडफ्रे चाचणी घ्या. फुगण्याचा परिणाम किती? कॉइक मॉडेलमध्ये (यात जुना परिणाम दर कालखंडात λ पटीने विरत जातो आणि λ हाच त्या लॅगचा सहगुणक असतो) सरासरी लॅग म्हणजे λ/(१−λ). λ ०.९० असेल तर ९ कालखंड, ०.९५ असेल तर १९! दीर्घकालीन परिणामही दुप्पट होतो. म्हणून नुसता सरासरी लॅग छापू नका, डेल्टा मेथडने (सहगुणकांच्या सूत्राची अनिश्चितता अंदाजे काढायची रीत) काढलेली स्टँडर्ड एररही द्या. λ १ च्या जवळ असेल तर तिच्यावरही फार विसंबू नका, बूटस्ट्रॅप करून, म्हणजे डेटातूनच पुन्हा पुन्हा नमुने घेऊन, पाहा.

आणि हंगामी समायोजन केलेली, म्हणजे हंगामी चढउतार फिल्टरने काढून टाकलेली, सिरीज वापरताना जपून. ते फिल्टर बहुधा दोन्ही बाजूंची मूल्यं घेतात, त्यामुळे पुढच्या महिन्यांची माहिती आजच्या आकड्यात झिरपते आणि परिणाम कारणाच्या आधीच दिसू लागतो. कच्ची मासिक सिरीज आणि हंगामी डमी (प्रत्येक महिन्यासाठी ०/१ चल) घेऊन एकदा पडताळा.