सकाळच्या सामन्याआधी पार्किंगमध्ये गरम बरिटो

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा सामना सकाळी ११ ला असेल, तर पार्किंगमधली टेलगेट पार्टी (सामन्याआधी गाड्यांपाशी जमून खाणं-पिणं) आठच्या सुमारासच रंगात येते. तिथे जाऊन अंडी फोडत बसू नका. बरिटो, म्हणजे टॉर्टियात (पातळ मेक्सिकन पोळीत) गुंडाळलेलं सारण, घरूनच बांधून न्या. बटाट्याच्या फोडी आणि सॉसेज आदल्या रात्री परतून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी ते कडकडीत गरम करा, अंडी ताजी परता. टॉर्टिया तव्यावर शेकून घ्या, नाहीतर गुंडाळताना फाटतो. चीज आत, साल्सा (टोमॅटोची पातळ चटणी) मात्र वेगळा. आत घातला की सगळा लगदा. प्रत्येक बरिटो लगेच फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा.

खरी युक्ती पुढे आहे. बर्फाचा कूलर (पदार्थ गार ठेवायची जाड भिंतींची पेटी) गरम पदार्थही गरमच ठेवतो. त्यात नळाचं कढत पाणी २० मिनिटं भरून ठेवा, ओतून द्या, कोरडा करा. जुना टॉवेल अंथरून बरिटो खेटून रचा, वर दुसरा टॉवेल. झाकण सारखं उघडू नका. बरिटोचं तापमान ६० अंश सेल्सियसखाली उतरलं, की दोन तासांत संपवा. बाहेर पारा ३२च्या वर असेल तर तासाभरातच. सोबत घरची हिरवी चटणी नेणार असाल, तर साल्सा थोडाच घ्या. उरतो.