२४ तासांची माउंटन बाइक रिले: ट्रेलवर कमी आणि तंबूत जास्त होणाऱ्या या चुका टाळा

रात्रीचे पावणेतीन. आमचा तिसरा रायडर लॅप (मार्गाची एक फेरी) संपवून हँडओव्हरच्या (पुढच्याकडे पाळी सोपवायच्या) मांडवात शिरला आणि हातातली रिलेची काठी पुढे करून इकडेतिकडे बघत उभा राहिला. काठी घ्यायला कुणीच नव्हतं. चौथा रायडर म्हणजे मी. आमच्या तंबूपाशी खुर्चीत बूट, हेल्मेट, हातमोजे सगळं चढवून मी गाढ झोपलो होतो. हेल्मेटवरचा लाइट पूर्ण उजेडावर चालू होता. दोन वाजता 'पाचच मिनिटं टेकतो' म्हणून बसलो होतो. ११ मिनिटं तिथं गेली आणि पुढच्या लॅपमध्ये सगळ्यात अवघड उतारावर तोच लाइट विझला.

दमानं चालवणं, नीट वळणं हे सगळेच शिकून येतात. रिले हातातून जाते ती दोन लॅपच्या मधल्या वेळेत, आणि तीही बहुतेक मध्यरात्रीनंतर, कारण त्या वेळी डोकं चालत नाही. म्हणून पुढचं सगळं एकाच हिशेबानं वाचा: रात्री तीन वाजता जे ठरवायची वेळ येईल, ते दुपारीच ठरवून, लिहून, हाताशी ठेवायचं.

या प्रकाराची सुरुवात १९९२ साली अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात '२४ अवर्स ऑफ कॅनान' या शर्यतीनं झाली असं मानतात. मोटारींच्या ल मान्सच्या शर्यतीवरून घेतलेली पळत सुटायची पद्धत अनेक ठिकाणी अजून टिकून आहे. ढाचाही तोच: ठरलेला लॅप, एका वेळी संघातला एकच जण ट्रेलवर, आणि वेळ संपेपर्यंत ज्यांचे लॅप जास्त ते पुढे. १२ तासांच्या शर्यतीलाही खालचं बहुतेक सगळं लागू पडतं, फक्त झोपेचा भाग सोडा.

नियम गाडीत वाचणे

शर्यतीच्या ठिकाणी जाताना एकानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी गाणी ऐकायची, हे नियम वाचणं नव्हे. सगळ्यात महागात पडतो तो शेवटच्या लॅपचा नियम. काही शर्यतींत मुदत संपायच्या आत सुरू केलेला लॅप नंतर संपला तरी धरतात. काहींत तो मुदतीच्या आतच संपावा लागतो. हा फरक माहीत नसला की एक तर शेवटच्या तासात हकनाक जीव काढून सायकल हाणली जाते, नाही तर धरला गेला असता असा लॅप सोडून संघ खुर्च्या टाकून बसतो. आणखी तीन गोष्टी पाहून ठेवा: रायडरचा क्रम बदलता येतो का, एकानं सलग दोन लॅप केले तर चालतात का, आणि ट्रेलवर बिघाड झाल्यास बाहेरच्याची मदत घेता येते का.

पहिल्या लॅपला सगळ्यात उतावळा माणूस

सुरुवातीला धावत जाऊन सायकल उचलायची असते आणि अर्ध्या किलोमीटरवर सगळी झुंड सिंगल ट्रॅकमध्ये, म्हणजे एका वेळी एकच सायकल मावेल अशा पायवाटेत, अडकते. तिथं कितीही ताकद असली तरी पुढच्याच्या चाकामागेच चालावं लागतं. तेव्हा पहिला रायडर धावता येणारा आणि डोकं थंड असणारा हवा. 'मीच सुरुवात करणार' म्हणून हात वर करणाऱ्याला दुसऱ्या नंबरवर ठेवा, तोवर गर्दी पांगलेली असते.

वेगाचं गणित सरळ आहे. पहिला लॅप ५२ मिनिटांत मारून शेवटचे दोन ७० मिनिटांवर नेणाऱ्यापेक्षा सगळे लॅप ५७-५८ मिनिटांत करणारा संघाला जास्त देऊन जातो. पहिल्या लॅपला चढावर 'आपण जरा आळशीपणा करतोय' असं वाटलं पाहिजे. ज्याला तसं वाटत नाही त्याला रात्री पेटके येतात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता त्यावर वाद घालत नाही.

हँडओव्हर: घोडं इथंच पेंड खातं

एक हिशेब करून बघा. तासाभराचा लॅप असेल तर २४ तासांत साधारण २३ वेळा हँडओव्हर होतो. प्रत्येक वेळी फक्त दोन मिनिटं वाया गेली, तरी ४६ मिनिटं जातात, म्हणजे पाऊण लॅप. तेवढाच वेळ पायांनी कमवायचा म्हटलं तर महिनोन् महिने सराव लागेल.

दोन मिनिटं जातात ती साध्या कारणांनी. येणारा रायडर आपल्या माणसाला गर्दीत ओळखत नाही, रात्री सगळेच लाइटमागचे काळे आकार असतात. काठी जर्सीच्या मागच्या खिशात एनर्जी जेलच्या (चालवताना खायच्या गोड चिकाच्या) रिकाम्या पाकिटांखाली दडलेली असते. काठीऐवजी घोट्याला बांधायची टायमिंग चिप असेल तर चिकटपट्टी चिखलानं माखून निघत नाही. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे चिप द्यायचीच राहते आणि पुढचा रायडर तसाच निघून जातो. तो लॅप कागदावर उमटतच नाही.

उपाय कंटाळवाणे आहेत, पण लागू पडतात. काठीची जागा संघात सगळ्यांची एकच: उजवा खिसा म्हणजे उजवा खिसा. हँडओव्हरला उभं राहायची जागाही एकच. येणाऱ्यानं मांडवात शिरताना संघाचा नंबर ओरडायचा. आणि दुपारी, उजेडात, दोनदा सराव करायचा. लोक हसतात, हसू द्या.

वेळेचा अंदाज हा याचाच दुसरा भाग. फोनवर विसंबू नका. डोंगरात नेटवर्क नसतं, आणि असलं तरी घामेजल्या हातांनी, अंधारात कुणी थांबून फोन लावत नाही. एक फळा किंवा पुठ्ठा टांगा, त्यावर प्रत्येक लॅपची निघायची वेळ, अपेक्षित परतायची वेळ आणि पुढच्याचं नाव लिहा. पुढच्यानं अपेक्षित वेळेच्या १५ मिनिटं आधी जागेवर उभं राहायचं आणि काहीही झालं तरी तिथून हलायचं नाही. रायडर २० मिनिटं उशिरा आला म्हणून 'बघून येतो काय झालं' असं म्हणत जागा सोडली की नेमका तेव्हाच तो पंक्चर काढून हजर होतो. शोधायला जायचं तर दुसऱ्यानं जायचं.

आणि उठवणारा माणूस ठरलेला हवा. गजर पुरत नाही. थकलेला माणूस झोपेतच गजर बंद करतो आणि त्याला ते आठवतही नाही. आमच्याकडे आता नियम आहे: जो लॅपवरून आला, त्यानं आपलं खाणं-आवरणं झालं की पुढच्याच्या पुढच्याला उठवायचं, आणि तो पायांवर उभा राहिल्याशिवाय तिथून हलायचं नाही. बसलेला माणूस जागा आहे असं धरायचं नाही. हे मी स्वानुभवावरून लिहितोय.

रात्री एकच लाइट

फक्त हेल्मेटवर लाइट लावला की उजेड डोळ्यांच्याच रेषेतून पडतो, त्यामुळे सावल्या दिसत नाहीत आणि खड्डा, मूळ, दगड सगळं सपाट भासतं. हँडलवरचा लाइट खालून पडतो, त्यानं सावल्या लांब होतात आणि जमिनीचा चढउतार कळतो. पण तो वळणावर आत बघत नाही. ते काम हेल्मेटचं. म्हणून दोन्ही हवेत. धुकं किंवा पुढच्याची धूळ असेल तर हेल्मेटचा लाइट मंद करा, नाहीतर समोर पांढरी भिंत उभी राहते.

खोक्यावर लिहिलेला वेळ नव्या बॅटरीचा असतो. जुनी लिथियम-आयन बॅटरी थंडीत त्याहून बरीच लवकर मान टाकते. घरी रात्री पूर्ण उजेडावर लावून घड्याळ लावा आणि जो वेळ येईल त्यातून पाव भाग वजा करूनच बेत आखा. चढावर मंद, उतारावर पूर्ण, ही सवय लागली तर बॅटरी आरामात पुरते. भरलेल्या बॅटरीला हिरवी पट्टी, उतरलेल्या बॅटरीला लाल. पहाटे एकसारख्या चार काळ्या बॅटऱ्यांमधली भरलेली कुठली, हे कुणालाच सांगता येत नाही. खिशात एक छोटा जादा लाइट असावाच. स्कॉटलंडमध्ये जानेवारीत होणाऱ्या स्ट्रॅथपफर शर्यतीत २४ पैकी १७ तास अंधार असतो. तिथं जाणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात भाग घेणाऱ्यांना सांगावं लागतं.

झोपेचा हिशेब न करणे

चौघांचा संघ, तासाचा लॅप, म्हणजे तीन तास सुट्टी असं वाटतं. पण त्यातला अर्धा तास सायकल आणि अंग पुसण्यात जातो, अर्धा तास खाण्यात, शेवटचा पाऊण तास कपडे, अंग गरम करणं आणि वाट बघण्यात. राहिला सव्वा तास, त्यात झोप लागेपर्यंत निम्मा जातो. नियमात बसत असेल तर रात्री प्रत्येकानं सलग दोन लॅप करावेत. सुट्टी सहा तासांची होते आणि सलग चार तास पाठ टेकता येते. दुसरा लॅप थोडा सावकाश होतो, हे खरं. झोपलेला माणूस पहाटे त्याची भरपाई करतो.

ते जमत नसेल तर २० मिनिटांची डुलकी घ्या. तासभर झोपून खोल झोपेतून उठलात तर पुढची १५-२० मिनिटं जडपणा जात नाही, तेव्हा उठल्याउठल्या उतारावर जाऊ नका. कॉफी मोजून प्या. कॅफीनचा निम्मा अंश शरीराबाहेर जायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे रात्री दहाची कॉफी तीन वाजताच्या झोपेत लुडबुड करते.

भूक लागल्यावर खाणे

दोन लॅपमध्ये तीन तास असतील तर खायची वेळ पहिल्या अर्ध्या तासातच. ८ तासांपेक्षा कमी वेळात पुन्हा दमायचं असेल तर पहिले काही तास दर तासाला शरीराच्या दर किलोमागे सुमारे १ ग्रॅम कर्बोदकं असं प्रमाण क्रीडाआहारात सांगतात. ७० किलोच्या माणसाला ७० ग्रॅम. दुपारी हे सोपं जातं. रात्री गोड जेल नुसतं बघूनच मळमळतं, म्हणून खारट आणि गरम काहीतरी हवंच: भात, उकडलेले बटाटे, सूप. नुसतं पाणी ढोसत राहणं हीही चूकच आहे. तहानेपेक्षा जास्त पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि डोकेदुखी, मळमळ पाहून लोक आणखी पाणी पाजतात.

लॅप संपला की शॉर्ट्स लगेच बदला. ओल्या शॉर्ट्सवर बसून गप्पा मारणाऱ्याला पहाटे खोगिरावर टेकवत नाही. याहून जास्त सांगायची गरज नाही.

सायकल: आदल्या दिवशीचे शहाणपण

आदल्या संध्याकाळी नवे ब्रेक पॅड घालू नका. पॅड डिस्कवर बसायला वीस-तीस वेळा टप्प्याटप्प्यानं ब्रेक मारावे लागतात, तोवर ते पकडत नाहीत. चिखलाचा अंदाज असेल तर धातूमिश्रित पॅड घाला आणि एक जोडी जादा ठेवा. ऑरगॅनिक (धातू नसलेले, मऊ) पॅड वाळूमिश्रित चिखलात एका रात्रीत संपू शकतात. ट्यूबलेस टायरमधलं सीलंट (छिद्र बुजवणारा द्रव) काही महिन्यांत सुकतं. झडप उघडून सळई घालून बघा, नुसतं टायर हलवून ऐकू नका. डिरेलर हँगर (गिअर बदलणारा मागचा डिरेलर ज्यावर बसतो ती छोटी पट्टी) प्रत्येक सायकलचा वेगळा असतो, तेव्हा ज्याचा त्यानं आणावा. 'कुणाकडे तरी असेलच' असं म्हणणाऱ्यांची शर्यत तिथंच संपते.

रात्री हमखास फसवणाऱ्या तीन गोष्टी:

टायर मऊ लागतोय. लगेच पंक्चर समजू नका. २५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेला टायर हवा १० अंशांनी थंड झाल्यावर सुमारे सव्वा पीएसआयनं उतरतो. अंगठ्यानं दाबून नाही, गेजनं मोजा. पुन्हा मोजल्यावर आणखी उतरला असेल तरच पंक्चर शोधा.

पडल्यानंतर गिअर उड्या मारतायत. केबलचा स्क्रू फिरवत बसू नका. मागून बघा, डिरेलर आतल्या बाजूला झुकलाय का? झुकला असेल तर हँगर वाकलाय. तशाच सायकलनं सर्वांत मोठ्या गिअरचक्रावर गेलात तर डिरेलर आऱ्यांत अडकतो आणि चाक घेऊनच जातो.

धुतल्यावर ब्रेक किंचाळतोय. बहुधा चेनवर मारलेल्या फवाऱ्याचं तेल डिस्कवर गेलंय. चेनला तेल बाटलीतून थेंबाथेंबानं घाला आणि वरचं फडक्यानं पुसा. जोराच्या पाण्याचा फवारा बेअरिंगवर सरळ मारू नका, ग्रीस निघून जातं आणि पाणी आत राहतं.

सायकल लॅपनंतर लगेच बघायची, अंगावरचा चिखल निघण्याआधी. खुर्चीत बसलात की उठणं होत नाही.

माणसं

पहाटे चार वाजता कुणाच्याही लॅपच्या वेळेवर बोलायचं नाही. हा आमच्या संघाचा एकमेव लेखी नियम आहे. ट्रेलवरही तेच: पुढे संथ चाललेला माणूस एकटाच २४ तास चालवणारा असू शकतो, तो तुमच्यासारखा झोपून आलेला नाही. 'डावीकडून येतोय' असं आधी सांगा, रुंद जागा येईपर्यंत थांबा, पुढे गेल्यावर आभार माना. चार-सहा सेकंदांसाठी कुणाला झुडपात ढकलू नये.

शर्यत संपल्यावर गाडी चालवणे

ही चूक सगळ्यांत कमी बोलली जाते. १७ ते १९ तास जागं राहिलेल्या माणसाच्या हालचाली आणि प्रतिसाद, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके मंदावतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. शर्यत दुपारी संपते तेव्हा, मधली तुटक झोप सोडली तर, तुम्ही त्याहून कितीतरी जास्त जागे असता, आणि पदकाच्या आनंदात ते कळतही नाही. परतीचा चालक आधीच ठरवा आणि तो संघात चालवणारा नसावा. असा कुणी मिळत नसेल तर तंबू लगेच उतरवू नका. त्यातच झोपा आणि संध्याकाळी निघा.