पळस फुलला की भोरड्या बघायला निघा

थंडीभर आपल्याकडे राहिलेल्या भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, फाल्गुनात मध्य आशियाकडे परतायच्या तयारीला लागतात. वसंतातलं स्थलांतर बघायचं असेल तर आपल्या भागात सुरुवात यांच्यापासून करावी, असं माझं ठाम मत आहे. मी सोलापूर जिल्ह्यातली. शाळू हुरड्यात आला की आमच्याकडे माळ्यावरून गोफण फिरायची ती यांच्यासाठीच. पण शेतावरून उडणारा थवा म्हणजे नुसता धुराचा लोट. पक्षी नीट बघायचा तर पळसाजवळच जायला हवं.

फेब्रुवारीच्या मध्यापासून बांधावरचे, माळावरचे पळस हेरून ठेवा. काटेसावर किंवा पांगारा असेल तर तोही चालेल. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान ऊन पाठीवर घेऊन झाडापासून थोडं लांब बसा आणि हलू नका. मध प्यायला थवा उतरला की आधी कलकलाटच ऐकू येतो. दुर्बीण असेल तर उत्तम, पण फुललेल्या पळसाला पानं नसल्यामुळे साध्या डोळ्यांनीही बरंच दिसतं.

अंग गुलाबी; डोकं, पंख, शेपूट काळी; डोक्यावर शेंडी. हिवाळ्यात हा गुलाबी रंग मळका वाटतो, कारण नव्या पिसांच्या कडा तपकिरी असतात. त्या झिजत जातात तसा रंग उजळतो. म्हणून डिसेंबरात भोरड्या बघितल्या असतील तरी मार्चमध्ये पुन्हा जा, खरंच जा! थव्यात फिकट, मातकट तरुण पाखरंही असतात. ती वेगळी जात समजू नका.

गल्लत होते ती भांगपाडी मैनेशी. ती बारमाही इथलीच, आणि पळसावर तीही येते. तिची टोपी काळी, पण गळा आणि पोट बदामी. तेव्हा आधी गळा बघा. काळा असेल तर भोरडी.

संध्याकाळी उजनी धरणाच्या फुगवट्याकडे, भिगवणच्या बाजूला जाता आलं तर सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचा. रातथाऱ्याला उतरण्यापूर्वी थवे एकत्र येऊन आकाशात वळत राहतात, आणि एखादा शिकारी पक्षी आला की एकदम आवळतात. त्याच काठावर पिवळा धोबी हा पक्षीही बघून घ्या. मार्चमध्ये तो पिवळाधमक व्हायला लागतो.

आता नोंदीचं. पहिल्यांदा दिसल्याची तारीख बहुतेक जण लिहितात. भोरड्यांची शेवटची तारीख जास्त मोलाची असते, आणि ती त्या दिवशी कळत नाही. म्हणून शक्यतो रोज त्याच झाडाशी जाऊन वहीत ‘दिसल्या’ किंवा ‘नाही’ लिहा. फुलं गळाली तरी नोंद थांबवू नका. मग वड-पिंपळाच्या फळांवर लक्ष ठेवा, एप्रिल सरेपर्यंत. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदी टाकत असाल तर भोरड्या नसलेल्या सकाळचीही, दिसलेल्या सगळ्या पक्ष्यांची पूर्ण यादी टाका. थवे गेल्याचं त्या याद्यांवरूनच समजतं.