टायटॅनियमला एसएस (स्टेनलेस स्टील) समजू नका: मशीनशॉपपासून ऑपरेशन थिएटरपर्यंत या चुका टाळा

टायटॅनियमचा पहिला जॉब आला की बऱ्याच शॉपमध्ये एसएस ३१६ चा जुना प्रोग्राम उचलतात, नाव बदलतात आणि सायकल स्टार्ट. दोन-तीन पीसनंतर इन्सर्टची (टूलच्या टोकावर बसवलेल्या, बदलता येणाऱ्या कापायच्या तुकड्याची) धार जळालेली दिसते आणि शिव्या खातो इन्सर्टवाला. त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. ग्रेड ५, म्हणजे ६ टक्के अॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियमवालं जे सगळ्यात जास्त चालतं, ते उष्णता वाहून नेण्यात एकदम ढ आहे, साध्या कार्बन स्टीलच्या साधारण सातव्या हिश्श्याइतकंच नेतं. त्यामुळे कटिंगची गरमी ना जॉबमध्ये जाते ना चिपमध्ये, ती तिथेच टूलच्या टोकावर बसून राहते.

मग माणूस घाबरून स्पीड (कापायचा वेग) आणि फीड (टूल पुढे सरकायचा दर) दोन्ही खाली आणतो, ही दुसरी चूक. स्पीड कमी हवाच, कार्बाइडच्या टूलला मिनिटाला ४५ ते ६० मीटरपासून सुरुवात करा, पण फीड मारू नका, फीड फार बारीक झाला की टूल कापत नाही, नुसतं घासतं आणि घासलं की परत गरमीच. टूल कटमध्ये उभं ठेवून मशीन थांबवायचं नाही, इन्सर्टला धार पाहिजे आणि कूलंट थेट टोकावर, प्रेशरने. आणि पातळ भिंतीचा जॉब असेल तर लक्षात ठेवा की हे मटेरियल स्टीलच्या जवळजवळ दुप्पट लवचिक आहे (इलॅस्टिक मॉड्युलस म्हणजे ताठपणाचं माप, स्टीलचा २०० च्या आसपास, याचा ११४ गिगापास्कल), टूलसमोर ते मागे सरकतं आणि टूल गेलं की परत जागेवर येतं, म्हणून माप जास्त येतं आणि ऑपरेटर ऑफसेटशी (मशीनमध्ये भरलेल्या टूलच्या मापाच्या दुरुस्तीशी) खेळत बसतो. सपोर्ट द्या, ऑफसेट नका छेडू.

आता आगीचं, कारण इथे चूक झाली तर जॉबच नाही, माणूसही जातो. जाड बार पेटत नाही, पण बारीक चिप्स आणि ग्राइंडिंगची धूळ पेटते. पेटली की पहिला हात जातो पाण्याच्या पाइपकडे. अजिबात नको. जळत्या टायटॅनियमवर पाणी पडलं की हायड्रोजन सुटतो आणि भडका उडतो. सीओटू सिलिंडरही कामाचा नाही, हा धातू नायट्रोजनमध्येसुद्धा जळतो, तुम्ही हवा कुठपर्यंत तोडणार. कोरडी वाळू, खरंच कोरडी, पावसाळ्यात बाहेर ठेवलेली बादली नाही, किंवा क्लास डी, म्हणजे धातूच्या आगीसाठीचा, एक्स्टिंग्विशर. चिप्स रोज काढा, मशीनखाली तेलात भिजवून साठवू नका, भंगारात स्टीलबरोबर मिसळू नका (भावही पडतो तो वेगळाच).

वेल्डिंगमध्ये एक चूक मला सगळ्यात जास्त खटकते: बीडला (वेल्डच्या रेषेला) निळा-जांभळा रंग आला की ब्रश मारून चकाचक करायचं आणि इन्स्पेक्शनला पुढे करायचं. अहो, तो रंगच तर पुरावा आहे! गरम टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन-नायट्रोजन पिऊन घेतं आणि ठिसूळ होतं. चंदेरी बीड उत्तम, हलका पिवळा बहुतेक ठिकाणी चालतो, गडद निळा आला की संशय घ्यायचा, राखाडी किंवा पांढरी पावडर दिसली तर सरळ कापून टाका. टॉर्चचा आरगॉन पुरत नाही, मागून ट्रेलिंग शील्ड (टॉर्चमागे सरकत गरम बीडवर आरगॉन सोडणारं कव्हर) आणि पाइपच्या आतून पर्ज, म्हणजे आत आरगॉन भरून हवा बाहेर काढणं, हवाच, जोड ४२५ अंश सेल्सिअसच्या खाली येईपर्यंत. ब्रश एसएसचा आणि फक्त टायटॅनियमसाठीच ठेवलेला, पुसायला अॅसिटोन. आणि टायटॅनियम थेट स्टीलला वेल्ड करायला कोणी सांगितलं तर काम घेऊच नका, जोड ठिसूळ होऊन तडकतो.

केमिकल प्लांटवाले म्हणतात की हे कशातच गंजत नाही. ओलसर क्लोरीनमध्ये झकास चालतं, त्याच क्लोरीनमधलं पाणी काढून टाका तर पेट घेऊ शकतं, कारण याचं रक्षण करणारा ऑक्साइडचा थर टिकायला थोडा ओलावा लागतो. हायड्रोफ्लोरिक अॅसिड तर त्या थरालाच खातं. मिथेनॉलमध्येही याला तडे जातात, त्याचा किस्सा १९६६ चा, अपोलोच्या सर्व्हिस मॉड्यूलची टायटॅनियम टाकी चाचणीतच फुटली होती, आत इंधनाऐवजी सुरक्षित म्हणून मिथेनॉल भरलेलं. गरम मिठाच्या पाण्यात गॅस्केटखालच्या फटीत ग्रेड २ (मिश्रण नसलेलं शुद्ध टायटॅनियम) सुद्धा गंजतो, तिथे पॅलॅडियमवाला ग्रेड ७ बघा. महाग आहे, पण हीट एक्स्चेंजर बदलण्यापेक्षा स्वस्त.

मेडिकलकडे येताना शॉपवाल्यांची ठरलेली चूक म्हणजे ग्रेड ५ चा बार इम्प्लांटच्या कामाला लावणं. शरीरात जाणाऱ्या पार्टच्या ड्रॉइंगवर बहुतेक वेळा ईएलआय (ऑक्सिजनसारखी अशुद्धी खूप कमी ठेवलेला) म्हणजे ग्रेड २३ असतो, त्यात ऑक्सिजन ०.१३ टक्क्यांच्या आत पाहिजे, ग्रेड ५ मध्ये ०.२० पर्यंत चालतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, टेस्ट सर्टिफिकेट आणि बारवरचा हीट नंबर (धातूच्या वितळणीच्या बॅचचा नंबर) जुळल्याशिवाय बार कापू नका. आणि इम्प्लांट बनवून विकायला मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ खाली लायसन्स लागतं, ‘आपण फक्त मशीनिंग करतो’ म्हणून सुटका होईलच असं धरू नका.

पेशंटची चूक वेगळीच. प्लेट टायटॅनियमची बसवलीय म्हणजे आता तुटणार नाही, म्हणून डॉक्टरांनी सांगायच्या आधीच पायावर पूर्ण वजन देतात. प्लेट हाड जुळेपर्यंत आधार द्यायला असते, हाड जुळलंच नाही तर रोजच्या हजारो पावलांनी ती थकून तुटते, धातू कुठलाही असो. निकेलची अॅलर्जी असेल तर ‘टायटॅनियम आहे ना’ एवढ्यावर थांबू नका, नायटिनॉल या निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूमध्ये वजनाने निम्म्याहून जास्त निकेल असतं आणि ते काही स्टेंटमध्ये आणि दातांच्या तारांमध्ये वापरतात. टायटॅनियम लोहचुंबकाला चिकटत नाही, तरी एमआरआयच्या आधी इम्प्लांट आहे हे सांगायचंच, त्या भागाचं चित्रही बिघडतं. डिस्चार्जच्या फाइलमध्ये इम्प्लांटचे स्टिकर लावलेला कागद असतो, तो जपून ठेवा, लॉकिंग स्क्रू (प्लेटच्या भोकातच आटे धरून बसणारे) कधीकधी प्लेटमध्ये असे जाम बसतात की काढताना डोकी झिजतात, आणि नव्या सर्जनला कुठल्या कंपनीचा स्क्रूड्रायव्हर मागवायचा हे त्याच कागदावरून कळतं.