चाळीतल्या खोलीत, फोनवर, प्लँचेटची शॉर्ट फिल्म कशी करायची

प्लँचेटवर, म्हणजे वाटीवर बोट ठेवून आत्म्याला बोलवायच्या खेळावर, फिल्म करायची म्हटलं की सगळे आधी भुताच्या मागे लागतात, पांढऱ्या लेन्स, मोकळे केस, तोंडाला पावडर, आणि मग सात मिनिटं बघून कोणाला काहीच होत नाही. भुताचं नंतर बघू. आधी हे ठरवा की वाटीवर बोट ठेवून बसलेल्या पोरांपैकी नक्की कोणाला खरंच कोणाशी तरी बोलायचंय.

आम्ही गिरगावात मे महिन्याच्या सुट्टीत कॅरमवर अक्षरांच्या चिठ्ठ्या मांडून प्लँचेट करायचो, पाच-सहा जण, निकाल काय लागेल वगैरे विचारायचो, हसायचो. एकदा एकाने त्याच्या आजीला बोलवा म्हटलं, ती त्याच वर्षी गेलेली, आणि वाटी हललीच नाही. बाकीचे कंटाळून उठले, खाली क्रिकेटला गेले, तो मात्र बोट काढेना. त्याचा तो चेहरा मी अजून विसरलेलो नाही, आणि मला विचाराल तर प्लँचेटच्या कुठल्याही फिल्मचा कणा हाच सीन आहे, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला उभं करायचं.

मग एक नियम पाहिजे. टॉक टू मी नावाची ऑस्ट्रेलियन फिल्म आहे, फिलिपू आडनावाच्या जुळ्या भावांनी केलेली, जे आधी यूट्यूबवर व्हिडिओ करायचे, त्यात पोरं एक हात धरून आत्म्याला आत घेतात आणि ९० सेकंदांच्या आत सोडवायचं असा नियम असतो. हिरोईनची आई गेलेली असते, म्हणून तो नियम मोडला जाणार हे आपल्याला आतून कळत असतं. आपल्याकडे नियम आयता आहे, आत्म्याला जा म्हणून सांगितल्याशिवाय वाटीवरचं बोट काढायचं नाही. पहिल्या दोन मिनिटांत एका वाक्यात सांगून टाका, आणि मोडताना अगदी साध्या कारणाने मोडा. गॅलरीतून कोणीतरी ओरडतं ‘पाणी आलं’, आणि सवयीने एक पोरगी उठते, बस.

आता अक्षरं. बरेच जण ए टू झेड लिहितात, मला ते पटत नाही, जिला इंग्रजी वाचता येत नव्हतं ती आजी इंग्रजी स्पेलिंग कशाला करेल. क पासून ज्ञ पर्यंत लिहा आणि काना-मात्रा मुद्दाम लिहूच नका. मग बघा काय होतं, वाटी प वर जाते, मग ण वर. ते ‘पण’ आहे की ‘पाणी’? म आणि र आलं तर ‘मीरा’ की ‘मार’ की ‘मर’? पोरं आपापल्या मनातलं वाचतात, तिथेच भांडण लागतं, आणि जिच्या आजीच्या तोंडात शेवटचं पाणी घालायचं राहून गेलं तिला ते एकाच प्रकारे ऐकू येतं. ही भीती आपल्या लिपीतच बसलेली आहे, फुकट मिळतेय तर वापरा. कॅरमवर खडू नीट उठत नाही म्हणून चिठ्ठ्या चिकटवा, स्टँडर्ड बोर्डवर खेळायची जागा ७४ बाय ७४ सेंटीमीटर असते, त्यात गोलात चाळीसेक चिठ्ठ्या आरामात बसतात. बोरिक पावडर टाकली की स्टीलची वाटी छान सरकते.

वाटी हलवायची कशी हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर असं की बहुतेक शॉट्समध्ये काहीच करायचं नाही. १८५३ साली मायकल फॅरेडेने टेबल फिरवण्याच्या बैठका तपासल्या होत्या, हात आणि टेबल यांच्या मध्ये पुठ्ठ्याचे थर चिकटवून, तेव्हा दिसलं की आधी हात सरकतात आणि टेबल नंतर, आणि लोकांना मनापासून वाटत असतं की आपण ढकलत नाहीये. तेच तुमच्या कलाकारांच्या बोटांत होणार. मी करतो ते असं, चौघांपैकी फक्त एकाच्या कानात सांगायचं की कुठल्या अक्षरावर जायचंय, तेही हळू, बाकीच्या तिघांना काहीच नाही, आणि कॅमेरा त्या तिघांच्या तोंडावर. रिहर्सल करू नका, पहिला टेकच सगळ्यात खरा असतो. वाटी एकटी सरकायचा शॉट फिल्मभर एकच ठेवा, त्यासाठी तंगूस, म्हणजे मासे पकडायचा बारीक नायलॉनचा दोरा घ्या, वाटीच्या आतून चिकटपट्टीने लावा, कोपऱ्यातल्या भोकातून खाली सोडा आणि टेबलाखाली बसून ओढा, म्हणजे वाटी त्या भोकाच्या दिशेने जाईल, तेव्हा पाहिजे ते अक्षर त्याच रेषेत चिकटवलेलं असू द्या.

फोनमध्ये सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे त्यामुळे ट्यूबलाइट आणि बल्ब त्यात शक्यतो लुकलुकत नाहीत, ३० फ्रेमवर काढलेलं फुटेज बरेचदा लुकलुकतं, ते बघून डोकं दुखतं आणि एडिटला ती लुकलुक काढणं फार त्रासाचं. एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर कोणी पुढे वाकलं की फोन आपोआप उजेड वाढवतो आणि सगळी रात्र करडी दिसते. पणतीचा उजेड कमी पडतो, म्हणून पणतीच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा एक छोटा पिवळा एलईडी लपवा आणि समोरून थर्माकोलचा पांढरा तुकडा धरा. जुन्या चाळीत जिने, कठडे, माळा सगळं लाकडाचं असतं, म्हणून खरी पणती फक्त क्लोजअपला, आणि बाजूला पाण्याची बादली ठेवायचीच, यात हयगय नको.

आवाजाकडे लोक लक्ष देत नाहीत आणि तिथेच फिल्म मरते. शूटच्या वेळी पंखा बंद, फ्रिज बंद (घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा म्हणजे निघताना चालू करायची आठवण राहते). पात्रं ज्या खोलीत बसलीत त्या खोलीची नुसती शांतता एक मिनिट रेकॉर्ड करा, सगळ्यांनी गप्प उभं राहून. मग वेगळ्याने वाटी घासल्याचा आवाज फोन बोर्डला टेकवून घ्या, लाकडातून येणारा तो खरखराट अंगावर येतो. लांबून लोकलचा भोंगा, शेजारचा कुकर, हे काढू नका, उलट हळूहळू एकेक कमी करत न्या, शेवटच्या सीनला काहीच ऐकू येत नाही असं झालं की मुंबईत राहणारा माणूस आपसूक घाबरतो, कारण आपल्याला अशी शांतता माहीतच नाही.

शेजाऱ्यांना आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगा, काकू, रात्री अकरापर्यंत पोरांचं शूटिंग आहे, प्लँचेटचं आहे, खोटं खोटं आहे. गॅलरी सगळ्यांची असते. मजल्यावर कोणाकडे नुकतंच कोणी गेलं असेल तर शूट पुढे ढकला, आणि त्या माणसाशी जुळणारं नाव स्क्रिप्टमध्ये असेल तर बदला. पोरं पंधरा-सोळाची असतील तर आईवडिलांना पूर्ण गोष्ट वाचायला द्या, एखादीच्या घरी खरंच असं काही घडलेलं असतं आणि ती सांगत नाही, म्हणून मी रडायचा सीन करायच्या आधी प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारतो, आणि ती नको म्हणाली तर तो सीन दुसऱ्याला देतो.

पॅकअपच्या आधी, चिठ्ठ्या काढायच्या आत, वरून रिकाम्या बोर्डाचा एक लांब शॉट घ्या, वाटी मध्यावर, बोट कोणाचंच नाही, निदान दोन मिनिटं न थांबवता.