डिस्क गोल्फ कोर्सवर जायच्या आधी काय काय बघून ठेवायचं

डिस्क गोल्फ म्हणजे फ्रिस्बीसारखी चकती फेकत फेकत शेवटी साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायची. आदल्या रात्रीच पहिलं हे बघा की तिथे प्रो शॉप (कोर्सवरचं डिस्कचं दुकान) आहे का, कारण बरेचसे कोर्स सार्वजनिक पार्कातले असतात, खेळायला पैसेही लागत नाहीत, आणि तिथे टी पॅड (पहिली फेक करायची जागा), बास्केट आणि फार तर नकाशाचा बोर्ड, बाकी काही नाही. यूडिस्क अ‍ॅपवर कोर्सचं नाव टाकलं की टॉयलेट, प्यायचं पाणी, फी, कुत्रा चालतो का असलं बहुतेक कळतं. तरी पाणी घरूनच न्या, 18 होल (एक होल म्हणजे एका टी पॅडपासून त्याच्या बास्केटपर्यंत) म्हणजे दोनेक तास चालणं आलंच आणि नळ असला तरी तो पार्किंगपाशी असतो, तुम्ही असता नवव्या होलवर.

शॉप असेल तर त्याची वेळ वेगळी बघा. मी एकदा संध्याकाळी गेलो, कोर्स उघडा पण शॉप बंद, आणि माझा एकुलता एक पटर (बास्केटजवळून टाकायची डिस्क) तिसऱ्याच होलला तळ्यात गेला, मग उरलेले सगळे पट, म्हणजे बास्केटजवळच्या फेकी, मिडरेंजने (मधल्या अंतराच्या डिस्कने) मारले. तेव्हापासून पटर दोन, तेही एकाच मोल्डचे, म्हणजे एकाच मॉडेलचे, नाहीतर हाताला सवय लागत नाही.

डिस्क घ्यायचीच असेल तर राउंडच्या अर्धा तास आधी पोचा आणि घाई करू नका, शॉपचा खरा फायदा हाच की डिस्क हातात धरून बघता येते, रिम (डिस्कची कडा) बोटांत नीट बसते का, प्लॅस्टिक घसरतं का, हे फोटोत कळत नाही. डिस्कवर चार आकडे असतात, स्पीड (किती वेगाने फेकायची), ग्लाइड (किती तरंगते), टर्न (सुरुवातीला किती वळते), फेड (शेवटी उलट बाजूला किती वळते), त्यात नवीन माणूस सगळ्यात मोठ्या स्पीडकडे धावतो आणि तिथेच चुकतो, कारण 12-13 स्पीडच्या ड्रायव्हरला (लांब फेकायच्या डिस्कला) हाताचा तेवढा वेग मिळाला नाही की तो लवकर खाली येऊन बाजूला वळतो. 7 स्पीडच्या आसपासचा फेअरवे ड्रायव्हर (कमी स्पीडचा ड्रायव्हर), एक मिडरेंज, एक पटर, बास झालं सुरुवातीला. वजन 175 ग्रॅमचंच पाहिजे असं नाही, 160-165 ची जास्त सोपी जाते. बाहेर प्रॅक्टिस बास्केट असेल तर पटर टाकून बघू का असं बिनधास्त विचारा, काही ठिकाणी देतात. जुन्या डिस्कचा खोका असला तर तो आधी चाळा, फक्त रिमवर खोल चिरा नाहीत ना ते बोट फिरवून बघा. एकदाच खेळून बघायचं असेल तर भाड्याने मिळतात का तेही विचारून ठेवा.

बॅगेत छोटा टॉवेल हवाच, ओली डिस्क हातातून सुटते. मिनी मार्कर (डिस्क पडली ती जागा दाखवायची छोटी चकती), पॉवर बँक (स्कोअर फोनवर ठेवत असाल तर), आणि पर्मनंट मार्कर. हा मार्कर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, प्रत्येक डिस्कच्या खालच्या बाजूला नाव आणि फोन नंबर लिहा, कारण नियमात शोधायला तीनच मिनिटं मिळतात आणि झुडपात तेवढ्यात सापडेलच असं नाही, पण मागून येणाऱ्याला सापडली तर तो फोन करतो किंवा शॉपमध्ये देतो. निघताना शॉपमध्ये हरवलेल्या डिस्कचा खोका असतो का विचारा, आणि तुम्हाला कुणाची सापडली असेल तर त्यावरच्या नंबरला तिथूनच मेसेज टाका.