जुन्या कॉम्प्युटरवर ड्रायव्हर बसत नाही? आधी चिप ओळखा

विंडोज नव्याने टाकले, कॉम्प्युटर सुरूही झाला. पण स्पीकर गप्प, इंटरनेट बंद आणि स्क्रीनवरची चिन्हे भलीमोठी. अशा वेळी मोबाइलवर नुसते ‘साउंड ड्रायव्हर’ शोधून समोर येईल ती फाइल उतरवली जाते आणि अख्खी दुपार वाया जाते. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरचा एखादा भाग विंडोजला चालवता यावा म्हणून लागणारा छोटा प्रोग्रॅम. तो नुसता ‘आवाजाचा’ नसतो. तो एका ठरावीक चिपचा आणि ठरावीक विंडोजचा असतो. म्हणून चिप आधी ओळखायची, ड्रायव्हर नंतर शोधायचा. हा क्रम पाळला तर दहा-पंधरा वर्षे जुन्या मशीनवरही बहुतेक भाग चालू होतात.

पुण्यात याची गरज जास्त, कारण घरोघरचे कितीतरी जुने डेस्कटॉप तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून सुटे भाग आणून जोडलेले आहेत. ब्रँडेड मशीनच्या मागे सर्व्हिस टॅग किंवा सीरियल नंबर असतो. तो कंपनीच्या साइटवर टाकला की ड्रायव्हरची यादी समोर येते. असेंबल्ड मशीनची ओळख मात्र मदरबोर्डवरून, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडतात त्या मुख्य बोर्डावरून, करावी लागते, आणि त्याच्यासोबत आलेली सीडी एव्हाना हरवलेली असते.

फॉरमॅट करण्याआधी

जुने विंडोज अजून चालू असेल तर त्यातले ड्रायव्हर वाचवून ठेवा. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हरस्टोअर आणि त्यात फाइलरिपॉझिटरी नावाचा फोल्डर असतो. तो अख्खा पेनड्राइव्हवर कॉपी करा. १६ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. आज व्यवस्थित चालणारा प्रत्येक ड्रायव्हर त्या फोल्डरमध्ये असतो, आणि पुढे विंडोजला ‘इथे शोध’ म्हणून हाच फोल्डर दाखवता येतो. एवढे एक काम केले तरी पुढची निम्मी शोधाशोध टळते.

एक अट आहे. विंडोज ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन प्रकारांत येते. ३२ बिट विंडोजमधून काढलेले ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालत नाहीत. यात कोणतीही पळवाट नाही.

पिवळा त्रिकोण काय सांगतो

विंडोजचे बटण आणि एक्स एकत्र दाबा (विंडोज ७ मध्ये ‘कॉम्प्युटर’वर राइट क्लिक करून मॅनेज निवडा) आणि डिव्हाइस मॅनेजर उघडा. ज्या नावापुढे पिवळा त्रिकोण दिसेल, तिथे ड्रायव्हर नाही किंवा बिघडलेला आहे. खाली तोंड केलेला छोटा बाण असेल तर तो भाग फक्त बंद केलेला आहे. राइट क्लिक करून इनेबल केले की काम झाले.

ही नावे गोंधळात टाकतात. ‘एसएम बस कंट्रोलर’ दिसले तर चिपसेटचा, म्हणजे मदरबोर्डवरचे भाग एकमेकांशी जोडणाऱ्या चिपांचा, ड्रायव्हर हवा. इंटेलच्या बोर्डवर ‘पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’ हा बहुतेक वेळा मॅनेजमेंट इंजिनचा भाग निघतो. त्याच्यावाचून रोजचे काही अडत नाही. ‘इथरनेट कंट्रोलर’ म्हणजे लॅन, केबलने इंटरनेट घेणारा भाग. ग्राफिक्सच्या बाबतीत तर त्रिकोण दिसतही नाही. ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’खाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ लिहिलेले असेल, तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. चिन्हे मोठी दिसण्याचे आणि व्हिडिओ अडखळण्याचे कारण तेच.

चिपची ओळख

त्या नावावर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा, डिटेल्स टॅबवर जा आणि वरच्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. सगळ्यात वरची ओळ नीट पाहा. तिच्यात ‘व्हीईएन’ या अक्षरांपुढे चार अक्षर-आकडे आणि ‘डीईव्ही’पुढे आणखी चार असतात. पहिल्या चारांवरून कंपनी कळते, दुसऱ्या चारांवरून मॉडेल. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रियलटेक, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. १०ईसी आणि ८१६८ ही जोडी दिसली तर तो रियलटेकचा गिगाबिट लॅन. आवाजाच्या ओळीत १०ईसी आणि ०६६२ असेल तर चिप एएलसी६६२. ही ओळ मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण एक आकडा चुकला तरी भलताच ड्रायव्हर हाती येतो.

स्क्रीनच येत नसेल तर कॅबिनेट उघडा. त्याआधी प्लग काढा आणि पॉवरचे बटण पंधरा सेकंद दाबून धरा. मदरबोर्डचे मॉडेल पांढऱ्या ठळक अक्षरांत बोर्डावरच छापलेले असते, बहुधा रॅमच्या आणि पीसीआय खाचांच्या आसपास. शेजारी ‘रेव्ह’ आणि आकडा दिसला तर तोही टिपून घ्या. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या रिव्हिजनवर वेगळ्या चिपा असू शकतात. लॅनच्या सॉकेटमागच्या छोट्या चौकोनी चिपवर खेकड्याचे चिन्ह दिसले तर ती रियलटेकची.

इंटरनेटच नाही, मग ड्रायव्हर कुठून आणायचा?

अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडा आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचे इंटरनेट केबलने कॉम्प्युटरला देण्याची सोय, चालू करा. विंडोज १० फोनला लॅन कार्डासारखे ओळखते. विंडोज ७ मध्ये कधी कधी हाताने सांगावे लागते : ड्रायव्हर अपडेटमध्ये यादीतून निवडण्याचा पर्याय घ्या, नेटवर्क अडॅप्टर्स, मग मायक्रोसॉफ्ट, मग ‘रिमोट एनडीआयएस’ने सुरू होणारे नाव. चार्जिंगपुरती केबल इथे उपयोगाची नाही, तिच्यात डेटाच्या तारा नसतात.

इंटरनेट जोडले आणि तरीही साइट उघडत नसतील, तर घड्याळ पाहा. तारीख काही वर्षे मागे गेली असेल तर सुरक्षित साइट उघडणार नाहीत. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपल्याचे हे लक्षण आहे. घड्याळाच्या दुकानातही हा सेल मिळतो. लिहिलेली बाजू वर ठेवून बसवा.

बसवण्याचा क्रम

सुरुवात चिपसेटपासून करा, मग लॅन, मग ग्राफिक्स, शेवटी आवाज आणि प्रिंटर. चिपसेट हा बाकीच्यांचा पाया असल्यामुळे तो बसल्यावर काही त्रिकोण आपोआप जातात. प्रत्येक ड्रायव्हरनंतर रीस्टार्ट करा. चार ड्रायव्हर एका दमात टाकले आणि निळी स्क्रीन आली, तर दोष कोणाचा ते शोधता येत नाही. सुरुवातीलाच सिस्टिम प्रोटेक्शनमध्ये जाऊन रिस्टोअर पॉइंट, म्हणजे बिघडल्यास परत येण्यासाठी आताच्या स्थितीची नोंद, करा; विंडोज १० मध्ये ही सोय अनेकदा बंद असते, ती आधी चालू करावी लागते.

सेटअप ‘ही विंडोज चालणार नाही’ म्हणत असेल तर लगेच हार मानू नका. पुष्कळदा नकार सेटअपचा असतो, ड्रायव्हरचा नाही. सेव्हन-झिप या मोफत प्रोग्रॅमने ती फाइल उलगडा. आत ‘सेटअप इन्फर्मेशन’ प्रकारची, म्हणजे आयएनएफ, फाइल सापडते. मग डिव्हाइस मॅनेजरमधून अपडेट ड्रायव्हर, ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’ आणि तो फोल्डर. ‘इन्क्लूड सबफोल्डर्स’ची खूण राहू द्या. इंटेलच्या जी४१ बोर्डांचे ग्राफिक्स हे याचे नेहमीचे उदाहरण : इंटेलने त्यासाठी विंडोज १० चा ड्रायव्हर काढला नाही, पण विंडोज ७ चा त्याच बिटचा ड्रायव्हर असा हाताने बसवला की बहुतेक वेळा चालतो.

‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर’ असे सांगणारे प्रोग्रॅम टाकू नका. ते अंदाजाने ड्रायव्हर बसवतात, सोबत नको त्या गोष्टी आणतात, आणि नंतर मशीनवर नक्की काय बदलले याचा पत्ता लागत नाही.

तरीही चालत नाही

प्रॉपर्टीजच्या जनरल टॅबवर कोड दिलेला असतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर बसला, पण भाग सुरू होत नाही. आधी जुना ड्रायव्हर काढून रीस्टार्ट करा आणि मग दुसरी आवृत्ती टाका. कोड ५२ म्हणजे डिजिटल सहीची, म्हणजे ड्रायव्हर खरा आहे हे विंडोज ज्या खुणेवरून तपासते तिची, अडचण. विंडोज ७ वर ती बऱ्याचदा २०१९ चे ‘शा-२’ (नव्या पद्धतीची सही ओळखण्याचे) अपडेट नसल्यामुळे येते. सहीची तपासणी बंद करून ड्रायव्हर बसवण्याचा सल्ला मिळेल, पण स्टार्टअप सेटिंग्जमधली ती सूट एकाच वेळेपुरती असते. पुढच्या रीस्टार्टला कोड ५२ परत हजर होतो.

कोड ४३ ग्राफिक्स कार्डावर आला तर ड्रायव्हरइतकाच संशय कार्डाचाही घ्या. पुण्याच्या पावसाळ्यात दमट हवेने कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो. कार्ड काढून त्या पट्ट्या शाळेच्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, भुगा ब्रशने झटका आणि कार्ड ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवा.

दोष ड्रायव्हरचा की चिपचा, हे ठरवायची खात्रीलायक वाट म्हणजे लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टिमचा बूटेबल पेनड्राइव्ह. काहीही इन्स्टॉल न करता मशीन त्यावरून सुरू करा. तिथे आवाज आला तर चिप ठणठणीत आहे, विंडोजचाच ड्रायव्हर चुकतो आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ अशी मशीन अधिकृतपणे स्वीकारत नाही, तेव्हा मिंट कायमचे ठेवायचा विचारही करून पाहा.

प्रिंटरचे वेगळे आहे. यूएसबी केबल ड्रायव्हरच्या आधी जोडू नका. सेटअप सांगेल तेव्हाच जोडा. प्रिंटर दुसऱ्या पोर्टमध्ये लावला की यादीत त्याच नावाचा ‘कॉपी १’ तयार होतो आणि जुना ऑफलाइन दिसतो. ड्रायव्हर शाबूत असतो, फक्त केबल पूर्वीच्या पोर्टमध्ये लावायची.

आणि मदरबोर्डवरच्या लॅनचा किंवा आवाजाचा ड्रायव्हर कुठेच मिळाला नाही, तर दिवस घालवू नका. यूएसबी साउंड कार्ड किंवा लॅन कार्ड काही शे रुपयांत मिळते आणि विंडोज १० ते बहुधा स्वतःच ओळखते. लॅन कार्ड आत बसवायचे असेल तर दुकानात जाण्याआधी खाचेचा फोटो काढून न्या : लांब, बहुतेक पांढरी खाच जुन्या पीसीआयची, आणि बोटाच्या पेराएवढी छोटी पीसीआय एक्सप्रेसची. एकीचे कार्ड दुसरीत बसत नाही.